ज्वारीच्या पिठाचा रंग: लातूरमधल्या एका घराच्या रंगकामाची हकिकत

लातूर शहरातल्या एका कुटुंबाच्या घराचं आतलं रंगकाम मी पाहिलं, त्याची ही नोंद आहे. ओळख पटू नये म्हणून नावं आणि काही बारीक तपशील काढून टाकले आहेत. अंतर्गत सजावटीचं काम करताना रंगाची चर्चा बहुतेक वेळा शेड कार्ड उघडून सुरू होते, आणि तिथेच चूक होते असं माझं मत आहे. या घरात ते फार स्पष्ट दिसलं, म्हणून सविस्तर लिहिते.

पार्श्वभूमी

घरात पाच माणसं. निवृत्त शिक्षक असलेले काका, काकू, त्यांचा मुलगा, सून आणि नऊ वर्षांची नात. काकांच्या आईही तिथेच राहतात, त्यांना धरून सहा. आजी मूळच्या औसा तालुक्यातल्या. गावात त्यांचं माळवदाचं, म्हणजे वर मातीचं सपाट छत असलेलं घर होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर दगड-मातीच्या भिंती आणि वरचं मातीचं ओझं यांची धास्तीच बसली, आणि काकांनी लातुरात प्लॉट घेऊन १९९८ साली स्लॅबचं घर बांधलं. बैठक, मधला बोळ, स्वयंपाकघर, दोन झोपायच्या खोल्या, बोळातून वर गच्चीवर जाणारा जिना. बैठकीत नंतर बसवलेली फिकट गुलाबीसर टाइल, बाकी सगळीकडे शहाबादी फरशी. दारांच्या चौकटी सागवानी, चांगल्या जाड.

रंग मात्र एकदम कधीच दिला गेला नव्हता. एका दिवाळीला बैठक, दुसऱ्या वर्षी स्वयंपाकघर, मुलाच्या लग्नात त्याची खोली. ज्या वर्षी जो रंग चालत होता किंवा दुकानदाराने जो सुचवला तो लागला. बोळाच्या मधोमध उभं राहून सुनेने मला दाखवलं: समोर बैठक गुलाबी, उजवीकडे स्वयंपाकघर पोपटी, डावीकडे एक खोली आकाशी आणि दुसरी जांभळी, तीही एका भिंतीवर चकाकणारं टेक्श्चर असलेली, आणि आम्ही उभ्या होतो तो बोळ लिंबाच्या रंगाचा. जिन्याला कमरेपर्यंत तपकिरी ऑइल पेंट.

"एकेक खोली बघितली तर वाईट नाही ताई," ती म्हणाली, "पण घरात आलं की डोकं भणभणतं."

तिच्या या एका वाक्यात अख्खं निदान होतं. घर आपण खोलीखोलीने पाहत नाही. उघड्या दारांतून एका वेळी तीन-चार खोल्यांच्या भिंती डोळ्यांत येतात. तेव्हापासून मी कुठल्याही घरात आधी बोळाच्या किंवा मधल्या जागेच्या मध्यावर उभी राहते आणि तिथून किती रंग दिसतात ते मोजते.

अडचण नेमकी काय होती

रंग जुळत नाहीत ही वरवरची तक्रार होती. खाली आणखी तीन गोष्टी निघाल्या.

पहिली ओल. बैठकीच्या ज्या भिंतीपलीकडे न्हाणीघर आहे, ती भिंत जमिनीपासून तीनेक फुटांपर्यंत फुगलेली होती. रंगाचे पापुद्रे निघालेले, त्यांच्याखाली पांढरी खार फुटलेली. दर दोन वर्षांनी तिथे पुट्टी मारून वरून रंग दिला जात होता आणि दर पावसाळ्यात तो परत सुटत होता.

दुसरी भेग. एका खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेलेली होती. आपल्याकडच्या काळ्या मातीवर बांधलेल्या घरांत हे नेहमीचं. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया खालीवर होतो. काकांनी तिथे पेन्सिलीने तारखा घालून खुणा केल्या होत्या. मे महिन्यात भेग रुंदावते, सप्टेंबरात मिटत येते, पण दरवर्षी लांबत मात्र नाही, हे त्या खुणांवरून कळलं. शिक्षकाची ही सवय मला फार उपयोगी पडली. लांबत जाणारी भेग असती तर रंगाच्या आधी इंजिनिअरला बोलवावं लागलं असतं.

तिसरी गोष्ट आजींनी सांगितली, आणि ती मला स्वतःहून कधीच सुचली नसती. "मला उंबरा दिसंना गेलाय, माय." त्यांना मोतीबिंदू आहे. न्हाणीघराचं दार क्रीम, भिंत पिवळट, उंबऱ्याला भिंतीचाच रंग. रात्री दोनदा त्या अडखळल्या होत्या. म्हातारपणी डोळ्यांना फिक्यातला फिका फरक कळत नाही, कडा कळण्यासाठी गडद आणि उजळ यांत ठळक अंतर लागतं. त्या दिवसापासून हे काम सजावटीपुरतं उरलं नाही.

वर तारखेचं बंधन होतं. भाद्रपदात महालक्ष्म्या बसायच्या, आणि त्या वर्षी त्या सप्टेंबरच्या सुरुवातीला येत होत्या. मला बोलावलं गेलं जुलैच्या मध्यावर. आपल्याकडे महालक्ष्म्यांना घर नवं दिसलंच पाहिजे, आणि रंगाला तर पावसाळा हा सगळ्यांत वाईट काळ.

कोणते पर्याय होते

मुलाचं म्हणणं, सगळं घर पांढरं करू. सोपं, स्वस्त, पुढे डाग पडला तर तोच डबा आणून वरून हात मारता येईल. काकूंना ते दवाखान्यासारखं वाटत होतं. माझा आक्षेप वेगळा होता. बैठक पश्चिमेला आहे, दुपारनंतर ऊन थेट आत येतं. शुभ्र भिंतीवरून ते इतकं परततं की मोतीबिंदूच्या डोळ्यांना चमक सहन होत नाही, आणि आजींना हव्या होत्या त्या कडा तर आणखीच हरवतात.

काकूंचं म्हणणं, आहेत तेच रंग ठेवू, फक्त फिके करू. हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण पाच वेगळे रंग फिके केले तरी ते पाचच राहतात.

सुनेला वॉलपेपर हवा होता, निदान बैठकीत. ओलीच्या भिंतीवर तो टिकणार नाही म्हणून तो विषय लगेच संपला.

मी मांडलेला पर्याय असा: घरभर एक मुख्य रंग, त्याच्या जोडीला फक्त तीन रंग, आणि प्रत्येक खोलीत निम्म्याहून जास्त भिंती मुख्य रंगाच्याच. सगळ्या घराचं छत एकाच पांढऱ्यात. सगळे गज आणि कठडे एकाच करड्यात. चौकटींचा ऑइल पेंट काढून सागवानाला पॉलिश. खोल्या निरनिराळ्या राहतील, पण बोळात उभं राहिलं की त्या एका घरच्या वाटतील. यावर काका म्हणाले, "म्हणजे गणवेश नको, पण शाळा एक." त्यांना पटलं, आणि बाकीचेही तयार झाले.

रंग ठरवणं: फरशी आधी, शेड कार्ड नंतर

या टप्प्याला आम्ही आठ दिवस दिले. घाई करायची नाही हे मी आधीच सांगितलं होतं.

जे बदलणार नाही तिथून सुरुवात केली. फरशी बदलणार नव्हती, चौकटी बदलणार नव्हत्या, ओट्याचा काळा ग्रॅनाइट बदलणार नव्हता. म्हणून बैठकीच्या टाइलचा एक जादा तुकडा, शहाबादीचा एक कपचा आणि सागवानाची एक पट्टी असं सगळं एका ताटात ठेवलं. दुकानात गेलो तेव्हा ते ताट बरोबर होतं. लोक पडद्याचं कापड घेऊन जातात, फरशी कोणी नेत नाही, आणि भिंतीला टेकून कायम असते ती फरशीच.

फिक्या रंगाला आतून एक झाक असते. शेड कार्डाच्या इवल्याशा चौकोनात ती दिसत नाही, अख्ख्या भिंतीवर दिसते. आम्ही तीन मोतिया रंगांचे छोटे डबे आणले आणि दोन-दोन फुटांच्या ड्रॉइंग शीटवर दोन हात देऊन वाळवले. जुन्या गुलाबी भिंतीवर थेट पट्टे मारायचे नाहीत, कारण शेजारचा गुलाबी डोळ्याला फसवतो. शीटचा दुसरा फायदा म्हणजे ते उचलून खोलीखोलीत नेता येतं. सकाळी आठ, दुपारी एक आणि रात्री दिवा लावल्यावर, असं प्रत्येक शीट प्रत्येक खोलीत उभं करून पाहिलं.

पहिल्या रंगात गुलाबी झाक होती. टाइलशेजारी ठेवताच बैठक पुन्हा जुन्या गुलाबीकडे गेली. दुसऱ्यात करडी झाक होती, तो बोळात ओल्या सिमेंटसारखा दिसला. तिसऱ्यात किंचित पिवळसर मातकट झाक होती. तो टाइलजवळही शांत वाटला आणि शहाबादीजवळही. काकूंनी शीट पाहिलं आणि म्हणाल्या, "हा तर ज्वारीच्या पिठाचा रंग." पुढे सगळं काम होईपर्यंत, अगदी मिस्त्रीसुद्धा, त्याला ज्वारीच म्हणत होते. दुकानातलं त्याचं नाव मी इथे देत नाही. कंपनी बदलली की नाव बदलतं, झाक बदलत नाही.

रात्रीच्या पाहणीत एक गोष्ट लक्षात आली. घरात सगळीकडे शुभ्र पांढरा एलईडी होता, ६५०० केल्विनचा. केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचा आकडा, तो जितका कमी तितका उजेड पिवळसर. त्याच्या उजेडात ज्वारीचा रंग निळसर आणि मेलेला दिसत होता. रंग बदलायचा की दिवा? आम्ही दिवे बदलले. बैठक आणि खोल्यांत ३००० केल्विनचे, स्वयंपाकघरात आणि बोळात ४००० चे. रंग बदलला असता तर दिवसाचा उजेड बिघडला असता.

मुख्य रंग किती उजळ असावा यासाठी शेड कार्डाच्या मागे छापलेला प्रकाश परतवण्याचा आकडा पाहिला. तो ० ते १०० मध्ये असतो. काळ्याकडे शून्य, पांढऱ्याकडे शंभर. ज्वारीचा पंचाहत्तरच्या आसपास होता. बोळाला खिडकी नाही, तिथे याहून गडद चाललं नसतं.

जोडीचे तीन रंग मग पटापट ठरले. शहाबादीतूनच घेतलेला करडा, बैठकीच्या एका भिंतीला आणि जिन्याच्या खालच्या पट्ट्याला. कडुनिंबाच्या पानाच्या मागच्या बाजूसारखा मुरलेला हिरवा, दोन्ही खोल्यांत पलंगामागच्या भिंतीला. आणि गेरू, देवघराच्या कोनाड्याला आणि उंबऱ्यांना. गेरू आजींनी सुचवला. माळवदाच्या घरात पांढऱ्या मातीचा पोतारा आणि खाली गेरूचा पट्टा असायचा हे त्यांना स्वच्छ आठवत होतं. न्हाणीघराचं दार हिरवं केलं, म्हणजे ज्वारीच्या भिंतीत ते लांबूनही ओळखू यावं.

प्रत्यक्ष काम

अंगावरची मजुरी ठरली चौरस फुटावर, सामान घरच्यांनी आणायचं. भिंती आणि छत मोजून ३६५० चौरस फूट भरलं. धुता येणाऱ्या इमल्शनचा, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचा, एक लिटर दोन हातांत किती चौरस फूट जातो, त्या हिशेबाने यादी केली. डब्यांतली टोकनं, म्हणजे कंपन्या रंगाऱ्यांसाठी डब्यात घालतात ती बक्षिसाची कुपनं, मिस्त्रींना द्यायची हेही आधीच बोलून घेतलं, म्हणजे विशिष्ट डब्याचा आग्रह उरत नाही.

दारं-खिडक्यांवरचा जुना ऑइल पेंट घासताना काळजी घ्यावी लागली. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० पेक्षा जास्त नको हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. १९९८ च्या रंगात किती शिसं असेल ते डोळ्यांनी कळत नाही. म्हणून कोरडं घासायचं नाही, पाणी लावून पॉलिश पेपर मारायचा, धूळ ओल्या फडक्याने टिपायची असं ठरलं. नात आणि आजी तीन दिवस काकांच्या बहिणीकडे राहिल्या.

तिरक्या भेगेत कडक सिमेंट भरलं नाही. भेग इंग्रजी व्ही अक्षरासारखी उघडून लवचीक फिलर भरला, वर जाळीची पट्टी, मग पुट्टी.

निर्णयाची घडी: ओली भिंत आणि महालक्ष्म्या

आता बैठकीची ती भिंत. अडचण अशी की महालक्ष्म्या वर्षानुवर्षं याच भिंतीला टेकून बसतात.

न्हाणीघरात भिंतीच्या आतली पाइप जोडावर झिरपत होती. ती बदलली, तिथल्या टाइलचे सांधे भरले, आणि बैठकीच्या बाजूने चार फुटांपर्यंतचा गिलावा फोडून नवा केला. हे झालं जुलैच्या शेवटी. ऑगस्टच्या शेवटी मिस्त्री म्हणाले, "ताई, अठ्ठावीस दिवस झाले की. आता पुट्टी वढू, प्रायमर मारू, सणाच्या आधी भिंत तयार."

अठ्ठावीस दिवसांचा हिशेब चुकीचा नव्हता. नव्या गिलाव्याला निदान तेवढे दिवस द्यावेच लागतात, नाहीतर त्यातला क्षार रंग खातो. पण ते दिवस कोरड्या हवेतले धरायचे असतात, आणि त्या महिन्यात पाऊस लागून राहिला होता. आम्ही भिंतीवर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवला. काढला तेव्हा भिंतीकडच्या बाजूला थेंब होते.

आमच्यापुढे तीन वाटा होत्या. रंग देऊन टाकायचा आणि सणापुरता निभावायचं. भिंतीवर प्लास्टिकची पॅनल ठोकून झाकायचं. किंवा भिंत तशीच ठेवायची. पहिल्या वाटेने दोन वर्षांनी तेच पापुद्रे निघाले असते. पॅनलमागे ओल कोंडली असती आणि चौकटीच्या लाकडाकडे गेली असती. तिसऱ्या वाटेला काकूंचा जीव तयार होत नव्हता. सवाष्णी जेवायला येणार, शेजारच्या बायका हळदीकुंकवाला येणार, आणि देव्यांमागे उघडा गिलावा. त्यांचे डोळे भरून आले ते मी पाहिलं. रंगकामातला हा निर्णय तांत्रिक वाटतो, पण तो ज्या घरात घ्यायचा असतो तिथे तो तेवढाच राहत नाही.

मार्ग आजींनीच सुचवला: चुना द्या. चुन्यातून भिंतीला श्वास घेता येतो, ओल बाहेर पडत राहते. दोन हात चुना दिला, त्यात किंचित पिवळी माती घातली तेव्हा तो ज्वारीच्या जवळ आला. त्यापुढे चार बोटं अंतर सोडून काकूंच्या जुन्या पैठणीचा पडदा मखरामागे सोडला. बाकी सगळं घर सणाआधी पूर्ण झालं होतं.

चुना दिल्याने एक खर्च वाढला. डिसेंबरात प्लास्टिकची चाचणी कोरडी निघाल्यावर तो ब्रशने पूर्ण घासून काढावा लागला, कारण सुट्या चुन्यावर इमल्शन धरत नाही. दीड दिवसाची मजुरी गेली. मग प्रायमर, पुट्टी, पुन्हा प्रायमर आणि करड्याचे दोन हात.

परिणाम

वर्ष उलटल्यावर मी पुन्हा गेले. बोळात उभी राहिले, तिथून ज्वारी दिसत होती आणि खोल्यांच्या आत थोडा हिरवा, समोर थोडा करडा. नजर कुठेच अडकत नव्हती. आजी त्या काळात एकदाही अडखळल्या नाहीत असं सुनेने सांगितलं. त्याचं श्रेय एकट्या रंगाचं नाही, बोळात रात्रीचा छोटा दिवाही लावला होता. तरी "लाल दिसला की पाय उचलते," हे त्यांचं वाक्य माझ्यासाठी पुरेसं आहे.

भेगेच्या जागी मे महिन्यात केसासारखी रेघ आली होती, पावसाळ्यात गेली. ओल्या भिंतीचा वरचा भाग उत्तम आहे. स्कर्टिंगच्या लगत मात्र वीतभर लांबीत पुन्हा खार दिसली. ती पाइपची नाही, खालून जमिनीतून चढणारी आहे. १९९८ च्या बांधकामात जोत्याला ओल-रोधक थर नीट दिलेला नसावा असा माझा अंदाज आहे. आता तिथे रंगाने काही होणार नाही, भिंतीत छिद्रं पाडून ओल-रोधक रसायन भरायची इंजेक्शनची दुरुस्ती करायची की तेवढी पट्टी दर दोन वर्षांनी चुन्यावर ठेवायची याचा विचार काका करत आहेत. एकूण खर्चातला साधारण तिसरा हिस्सा ओल आणि भेगांवर गेला. सुरुवातीला मुलाला तो वाया गेल्यासारखा वाटत होता.

काय वेगळं करायला हवं होतं

करडा रंग दोन वेळा आणला गेला, सणाआधी जिन्यासाठी आणि डिसेंबरात भिंतीसाठी. कोड तोच, मशीन तेच, तरी छटेत बारीक फरक पडला. जिन्याजवळच्या स्विचबोर्डापाशी जिथे दोन्ही भेटतात तिथे तो दिसतो. आधीच पुरेसा आणून, सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र ढवळून, डिसेंबरचा हिस्सा झाकण घट्ट लावून ठेवायला हवा होता. ही चूक माझी.

बोळाला मी मॅट दिला. जुन्या भिंतीतले उंचवटे मॅटमध्ये लपतात म्हणून. पण तिथून दिवसातून पन्नासदा लहान हात जातात. कमरेपर्यंत तरी हलकी चमक असलेला, पुसता येणारा रंग द्यायला हवा होता.

बोलवायची वेळही. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू झालं असतं तर गिलावा एप्रिलपर्यंत ठणठणीत वाळला असता आणि काकूंना तो त्रास झाला नसता. एप्रिल-मेच्या कडक उन्हातही रंग फार लवकर ओढतो, रोलरचे जोड दिसतात, म्हणून पहाटे काम करावं लागतं. पण ते पावसापेक्षा बरं.

आणि नातीची खोली. जांभळी भिंत तिची होती. आम्ही सगळे मोठे बसून बोललो, तिला कोणी विचारलं नाही. ती काकांच्या बहिणीकडून परत आली तेव्हा भिंत हिरवी झालेली होती. ती काही बोलली नाही, पण महिनाभरात तिने त्या भिंतीवर जांभळे कागद चिकटवले. मी वर्षाने गेले तेव्हा ते तसेच होते. तेव्हा मी तिला जुनं ताट आणि चार कोरे शीट दिले. तिने वांग्याच्या रंगाच्या दोन छटा रंगवल्या, दोन दिवस फरशीवर ठेवल्या, रात्री दिवा लावून पाहिल्या, आणि त्यातली गडद निवडली. येत्या मार्चमध्ये तिच्या अभ्यासाच्या टेबलामागचा कोनाडा त्या रंगात रंगणार आहे.